राजहंसगडामागचं चांदणं: मीठ, स्पिरिट आणि ओल्या कागदाची वेळ

पौषातल्या अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या दक्षिणेकडच्या शेतांत उभं राहा आणि उत्तरेकडे बघा. गडाची काळोखी पाठ, तिच्यामागे बेळगाव शहराच्या दिव्यांचा तांबूस पिवळा उजेड, त्याच्यावर जांभळट पट्टा आणि मग वर चढत जाणारा गडद निळा. निव्वळ काळा कुठेच दिसत नाही. म्हणून जलरंगांच्या पेटीतली काळ्याची वडी आधी बाजूला काढा. हेच दृश्य आपण रंगवणार आहोत.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), थोडा खरबरीत घ्या. शाळेच्या ड्रॉइंग वहीचं पान इतकं पाणी पेलत नाही, फुगून वेडंवाकडं होतं आणि रंग खळग्यांत साचतो. इथे पैसे वाचवू नका. रंग साध्या पेटीतले चालतील, पण कागद चांगलाच हवा. चारही कडा मास्किंग टेपने पाटावर चिकटवा. रंग पाच पुरेत: इंडिगो, अल्ट्रामरीन, क्रिम्सन, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. शिवाय पांढरा पोस्टर कलर, जुना टूथब्रश, स्वयंपाकघरातलं मीठ (खडे आणि बारीक दोन्ही) आणि मेडिकलमधलं थोडं सर्जिकल स्पिरिट. स्पिरिट पटकन पेट घेतं, तेव्हा देव्हाऱ्यातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब बसा.

पेन्सिलीने गडाची रेघ हलकी आखा. वरचा सगळा भाग रुंद ब्रशने स्वच्छ पाण्याने भिजवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. गडाच्या लगत ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना सोडा. आता थेट निळा आणलात तर पिवळ्यात मिसळून हिरवा होईल, आणि हिरव्या क्षितिजाने चित्र तिथेच बसतं. मध्ये क्रिम्सन आणि अल्ट्रामरीनचा जांभळा घाला. त्याच्यावर अल्ट्रामरीन, माथ्यावर घट्ट इंडिगो. जलरंग वाळला की फिकट होतो, म्हणून वाटतो त्याहून दोन पायऱ्या गडद लावा. पाट थोडा तिरका धरा, रंग आपापसांत उतरू द्या, ब्रश फिरवत बसू नका.

आणि आता हात आवरून कागदाकडे बघायचं. माझ्या मते या चित्राचं सगळं मर्म याच चार-पाच मिनिटांत आहे.

कागद डोळ्यांच्या पातळीला आणून उजेडाकडे तिरका धरा. आधी पाणी काचेसारखं चमकतं. या वेळी मीठ टाकलं तर ते नुसतं विरघळतं. थोड्या वेळाने चमक मऊ होते, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी. हीच वेळ! आणखी थांबलात की चमक जाते, पण बोटाची मागची बाजू लावली तर कागद गार लागतो. आता मीठही काम करत नाही, आणि पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखा डाग उठतो.

मिठाचा दाणा आपल्याभोवतीचं पाणी ओढून घेतो आणि पाण्याबरोबर रंगाचे कण दाण्याकडे सरकतात. म्हणून दाण्याभोवती फिकट चांदणी उमटते आणि तिचे टोकदार किरण बाहेर पसरतात. एका दाण्याकडे टक लावून बघा, दोन मिनिटांत ती उमलताना दिसते. खडेमिठाची चांदणी मोठी, बारीक मिठाची धुक्यासारखी.

मीठ सगळीकडे मात्र उधळू नका, आकाशाला देवी आल्यासारख्या दिसतील. पौषात उत्तरेला शर्मिष्ठा या तारकासमूहातून उंचावरच्या ब्रह्महृदय या ताऱ्याकडे आकाशगंगेचा फिका पट्टा जातो. त्याच तिरक्या वाटेने, डावीकडून उजवीकडे चढत, चिमटीने मीठ सोडा. त्याच पट्ट्यात काडीने स्पिरिटचे दोन-तीन थेंब टेकवा. स्पिरिट रंगाला बाजूला ढकलतं आणि घावनाला जाळी पडावी तशी गोल भोकं पडतात.

आता पूर्ण वाळू द्या. ड्रायर लावू नका, मिठाचं काम अर्ध्यात थांबतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे ती मऊ चमक बघता बघता निघून जाते, तेव्हा मीठ आधीच हाताशी ठेवा. आषाढात याच्या उलट. खानापूरला एकदा पावसात मी रात्रभर कागद तसाच ठेवला. मिठाने हवेतली ओल ओढली आणि सकाळी सगळ्या चांदण्या पसरून एकच करडा डाग झाला होता. पावसाळ्यात कागद बोटाला कोरडा लागला की लगेच सुक्या फडक्याने मीठ झाडून टाका.

ताऱ्यांसाठी पांढरा रंग दुधाइतका पातळ करा. गड आणि क्षितिज वर्तमानपत्राने झाका. टूथब्रशवर अंगठा ओढून तुषार उडवा, पण आधी रद्दी कागदावर दोनदा. माथ्यावर तारे दाट, शहराच्या उजेडाजवळ तुरळक.

मग बारीक ब्रशने ओळखीचे तारे हाताने ठेवा. बेळगावहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेली दीड मूठ. तो गडाच्या थोडा वर आणि मध्यम तेजाचा ठेवा. ध्रुव सगळ्यांत ठळक असतो असं समजून त्याचा टपोरा ठिपका काढू नका. त्याच्या डावीकडे वर शर्मिष्ठेचे पाच तारे. सगळ्यांत ठळक ब्रह्महृदय, कागदाच्या वरच्या कडेजवळ उजवीकडे, पांढऱ्यात कणभर ऑकर मिसळून.

शेवटी इंडिगो आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवून गडाचा आकार, बुरूज आणि खालची झाडं एकाच दमात भरा. तो रंगही वाळला की टेप कागदाला जवळजवळ समांतर धरून, बाहेरच्या बाजूला सावकाश ओढा.