टर्बो गाडीला कार्ब्युरेटर बसवताय? या चुका टाळा

जुन्या टर्बो गाडीचं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन थकलं आणि सुटे भाग मिळेनासे झाले, की कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा जुना भाग) बसवायचा विचार पुढे येतो. विचारात वावगं काही नाही. लोटस एस्प्रिट टर्बो किंवा रेनो ५ जीटी टर्बो कारखान्यातूनच तशा आल्या होत्या. पण टर्बोची हवा कार्ब्युरेटरमधून ढकलली जाणार, हे धरूनच त्यांची सगळी रचना होती. गॅरेजमध्ये नेमकं तेच राहून जातं.

सगळ्यात महागात पडते पेट्रोलच्या प्रेशरची चूक. इंजेक्शनचा पंप २.५ ते ३ बार (दाबाचं एकक) देतो, कार्ब्युरेटरला ०.२५ बार पुरे. पंप थेट जोडला तर पेट्रोल ओसंडतं आणि चूक तिथल्या तिथे कळते. फसगत होते ती प्रेशर ठरवणारा साधा रेग्युलेटर लावून ०.२५ वर बांधून ठेवल्याने. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.५ बारला गेला, की फ्लोट चेंबरमधली (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतली) हवाच पेट्रोलला आत येऊ देत नाही. आयडलिंग छान, कमी वेगात छान, बूस्ट भरला की गाडी झटके मारते. अशा वेळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) मोठे करत बसू नका. पेट्रोलच पोचत नाहीये. तरीही अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलात तर पिस्टन वितळतो.

रेग्युलेटर रिटर्न लाइनचा (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीचा) आणि बूस्टचा दाब आणणाऱ्या नळीचा हवा. ही बूस्टची नळी मॅनिफोल्डवरून (कार्ब्युरेटरनंतरच्या, सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांवरून) घेऊ नका, कार्ब्युरेटरच्या तोंडावरच्या बंद डब्यावरून घ्या. मॅनिफोल्डवरून घेतली तर आयडलिंगला व्हॅक्युममुळे प्रेशर पडतं. फ्लोट चेंबरचा श्वास (हवेची वाट) ही त्याच डब्यात उघडायला हवा. मग तपासणी अशी: इंजिन बंद, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून तिथे गेज लावा, रिटर्न तसाच राहू द्या, पंप चालू करा. आता बूस्टच्या नळीत सायकलच्या पंपाने ०.५ बार हवा भरा. गेजचा काटा ०.२५ वरून ०.७५ वर गेलाच पाहिजे. नळी न काढता हे केलंत तर पेट्रोल गरम इंजिनवर सांडेल.

फ्लोट चेंबरमध्ये तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट बूस्टखाली चेपतो. कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. भरीव फ्लोटच घाला.

इग्निशनही जुन्याच ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) असेल, तर ईसीयू काढताच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सांभाळणारं कुणी उरत नाही. बूस्टनुसार टायमिंग मागे घेणारा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) लावा. सुरुवातीला दर ०.०७ बारला साधारण १ अंश धरा. पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचं कनेक्शन थेट चावीवर देऊ नका. इंजिन थांबताच पंप बंद करणारा रिले हवाच, नाहीतर अपघातानंतरही पेट्रोल वाहत राहील.

पेट्रोल पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या मापाने निवडलेला १४० चा मेन जेट त्यावर लीन पडतो (पेट्रोल कमी पडतं), १४५ पासून सुरुवात करा. वाइडबँड गेजवर (धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर) पूर्ण बूस्टला लॅम्डा (ते प्रमाण सांगणारा आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास ठेवा. जुने रबरी पाइप इथेनॉलला टिकत नाहीत, सगळे बदला. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

कामाला हात घालण्याआधी ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांवर बंधनं घालतं. आणि पहिला पूर्ण बूस्ट नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर नाही, डायनोवर (गाडी जागेवरच धावडवून तपासणाऱ्या रोलरच्या यंत्रावर).