अडुसष्ट लिंगांच्या वाटेवरचे जुने कट्टे दुरुस्त करताना

बारा वर्षांपूर्वी या वाटेवरच्या एका कट्ट्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मी सिमेंटनं भरल्या. त्या दिवशी काम सुरेख दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो, दरजेत बोट घातलं, तर सिमेंटची पट्टी अख्खी हातात आली आणि तिच्या पाठीला दगडाची कड चिकटलेली. ती कड परत बसत नाही. मी गवंडी आहे, ते दुखणं अजून मनात आहे, म्हणून हे लिहितोय.

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात आणि भोवताली अडुसष्ट लिंगं स्थापली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज घेऊन तैलाभिषेकाला याच वाटेनं निघतात. एरवी वर्षभर मात्र काही ठिकाणी कट्टा खचलेला, पायरी हललेली, बसायच्या जागेवर राडारोडा. तुमच्या गल्लीतल्या मंडळाला यातली एखादी जागा नीट करायची असेल, तर सुरुवात दिवाळीनंतर करा. आपल्या उन्हाळ्यात चुना ओला राहत नाही, आणि वाळला की भुगा होतो.

आधी जागा कुणाची ते विचारा. देवस्थानची असेल, कुणाच्या वाड्यातली असेल, महापालिकेची असेल. ज्याची त्याच्याकडून लेखी संमती घ्या. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्येही परवानगी लागते. तिथं दुरुस्तीसुद्धा खात्याला विचारल्याशिवाय करू नका. मग चारही बाजूंनी फोटो काढा, हललेल्या दगडांवर खडूनं आकडे घाला.

लिंगाला आणि मूर्तीला हात लावायचा नाही, ते पुजाऱ्यांचं. आपलं काम कट्टा, पायऱ्या आणि भोवतालची फरशी एवढंच. तिथं सांडलेल्या तेलावर धूळ बसून काळा थर होतो. ॲसिड अजिबात नको, तारेचा ब्रशही नको. मुलतानी माती पाण्यात कालवून जाड लेप द्या, ओल्या फडक्यानं झाका, दुसऱ्या दिवशी वाळलेली माती अलगद काढा. तेल मातीत उतरतं. तीन-चार वेळा करावं लागतं. नंतर रिठ्याचं पाणी आणि नारळाच्या काथ्याची मऊ कुंची. ऑइलपेंट दिलेला असेल तर खरवडू नका, जाणकार येईपर्यंत तसाच राहू द्या. सांध्यात उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. आणि झाडावर कुऱ्हाड चालवायच्या आधी 1975 च्या वृक्षकायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते.

आता चुना. कळीचा चुना घ्या. ड्रममध्ये आधी पाणी भरा, मग चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतलंत तर उकळून अंगावर येतं, डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका, पोरांना लांब ठेवा. विरलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्या. चांगला मुरला की थापीवर लोण्यासारखा बसतो.

एक पाटी चुना, एक पाटी सुर्खी, एक पाटी धुतलेली नदीची वाळू. सुर्खी जुन्या भाजक्या विटांची कुटून चाळलेली हवी. आमच्याकडं जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी घालायचे, मीही घालतो. आधी कोपऱ्यातली एकच दरज भरून आठवडाभर बघा. नखानं ओरखडून भुगा पडला तर वाळू जास्त झाली.

दरज दोन बोटं खोल मोकळी करा, सिमेंट असेल तर छोट्या छिन्नीनं हळूहळू. दगडावर आधी पाणी मारा, तो तहानलेला ठेवू नका, नाहीतर तो चुन्याचं पाणी ओढून घेतो. मसाला थापीनं दाबून भरा आणि दगडाच्या तोंडापासून दोरीभर आत ठेवा. वरून ओलं गोणपाट टाका, निदान दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. सिमेंट ते अडवतं, मग पाणी दगडातून वाट काढतं आणि दगड सुटतो.

तलावाकाठी बसायची जागा करायची तर आधी तिथं बसून बघा. सिद्धेश्वराचं मंदिर पाण्यात उभं दिसतं तेवढीच दिशा मोकळी ठेवा. फलक भिंतीला ठोकू नका, वेगळ्या खांबावर बाजूला लावा, मराठीबरोबर कानडीतही लिहा. सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीतच आहेत.

उरलेला चुना फेकू नका. पाण्याखाली झाकून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कट्ट्याला तो आणखी चांगला लागतो.