गल्ला आधी मोजा, वही मग उघडा

फौजेत मी स्टोअरच्या लेजरवर होतो. १९९९ साली द्रासला रसद चढायची, तेव्हाही भिजलेलं व्हाउचर वाळवून फाइलला लावावंच लागायचं. आता नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. नवीन दुकानदाराला मी आधी रोजचा गल्ला मोजायला शिकवतो. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मागून येते.

शटर अर्धं ओढलं की वही बंद ठेवून मोजा. वहीतला आकडा आधी दिसला, की माणूस तो आकडा येईपर्यंतच मोजतो. आमच्याकडे माल मोजणाऱ्याच्या हाती लेजर देत नव्हते, ते याचसाठी. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती, हे कागदावर लिहून खाली सही करा. मग वही उघडा. सकाळची शिल्लक, त्यात रोख विक्री आणि उधारीची वसुली मिळवा. खर्च आणि बँकेत भरलेली रक्कम वजा करा. हा आकडा मोजलेल्या रोखीशी ताडा. फरक आला तर आला तसाच लिहा. ‘किरकोळ खर्च’ म्हणून दाबलात, तर मार्चमध्ये मलाच उकरत बसावं लागते.

फरक बहुतेक वेळा मालकाच्या उचलीत सापडतो. पोराची ट्यूशन फी, वहिनींची भाजी, सकाळचे तर्रीपोहे, सगळं गल्ल्यातूनच! घ्या ना भाऊ, दुकान तुमचंच आहे. पण उचल खात्यात लिहा, दुकानखर्चात नाही. दुसरी जागा क्यूआरची. साउंडबॉक्स बोलला एवढ्यावर विसंबू नका, बँकेच्या स्टेटमेंटशी रक्कम मिळवा. क्यूआर घरच्या बचत खात्याचा असेल तर आजच काढून चालू खात्याचा लावा.

रोखीच्या दोन मर्यादा गल्ल्याजवळ चिकटवून ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली, तर काही अपवाद सोडता तो खर्च आयकरात धरत नाहीत. मालवाहतुकीच्या भाड्याला मर्यादा ३५,००० आहे. आणि एकाच गिऱ्हाइकाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेऊच नका. लग्नाचा बस्ता मोठा असला की हे विसरायला होते, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा बसू शकतो.

जीएसटी दरमहा भरत असाल तर जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख, आणि कर भरायच्या जीएसटीआर-३बीची २०. म्हणून खरेदीची बिलं मला ५ तारखेलाच लागतात, १० च्या रात्री व्हॉट्सॲपवर तिरप्या फोटोत नाही.

थर्मल कागदाचं बिल गाडीच्या डिकीत टाकू नका. आपल्या मे महिन्यात ते काळं पडते, मग जीएसटी नंबर वाचता येत नाही. त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाइलला लावा. हे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात.