बाळंतपणानंतर खोकताना, वजन उचलताना लघवी सुटत असेल तर काय करावे

खोकला, शिंक किंवा हसू आले की थेंबभर, कधी कपडे ओले होण्याइतकी लघवी सुटते, ही तक्रार बाळंतपण झालेल्या पुष्कळ स्त्रियांना असते, पण ती तोंडावर क्वचितच येते. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक झोक्यावर बसते पण फुगडीला उठत नाही, उडदाच्या पापडाचे पीठ कुटण्याची वेळ आली की मुसळ दुसरीच्या हाती देते, लग्नाला जायचे असले की सकाळपासून पाण्याला शिवत नाही, यांवरूनच ती ओळखावी लागते. ‘पोरं झाल्यावर असं होतंच’ हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. असे होते, पण त्यावर उपाय आहे आणि बाळंतपणाला दहा-पंधरा वर्षे उलटून गेली असली तरी तो करता येतो.

प्रथम आपला त्रास नेमका कोणता, हे ओळखावे. पोटावर दाब येईल त्याच क्षणी लघवी सुटत असेल आणि एरवी कोरडे राहता येत असेल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे. अनावर घाई होऊन मोरीपर्यंत पोचण्याआधीच लघवी होणे हा निराळा त्रास असून त्याची औषधेही निराळी आहेत. काही जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात. त्यासाठी तीन दिवस वहीत नोंद ठेवावी: पाणी व चहा किती घेतला, लघवीला कितीदा जावे लागले आणि कोणते काम करताना ती सुटली. लघवीत जळजळ किंवा रक्त, ताप, लघवी तुंबणे, अंग बाहेर येणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी गळत राहत असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेले असण्याची शक्यता असते व जुने छिद्र बुजवायला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा थर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतो. बाळाचे डोके बाहेर येताना हे स्नायू, त्यांचे बंध आणि नसा ताणल्या जातात. कळा देण्याचा काळ लांबला, चिमटा लावावा लागला किंवा बाळ वजनाने मोठे असले तर इजा अधिक होते. सिझेरियन झालेल्या स्त्रियांत हा त्रास कमी आढळतो, पण नसतोच असे नाही, कारण नऊ महिन्यांचा भार त्यांनीही पेललेला असतो. बऱ्याच जणींची लघवी सुटणे पहिल्या काही आठवड्यांत आपोआप थांबते. तीन महिन्यांनंतरही चालू राहिले, तर मात्र वाट पाहत बसू नये.

मुख्य उपाय म्हणजे या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला आणि आज डॉक्टर पहिला सल्ला त्याचाच देतात. वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात, दाबामुळे लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी त्रास बरा झाल्याचे सांगितले, तर उपचार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. तरीही ‘करून पाहिला, गुण आला नाही’ असे सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणी नेमका स्नायू न आवळता पोट आत ओढतात किंवा उलट खाली जोर देतात, आणि उरलेल्या महिनाभरात सोडून देतात.

योग्य स्नायू सापडण्यासाठी गुडघे वाकवून पाठीवर पडावे, श्वास नेहमीसारखा चालू ठेवावा आणि चारचौघांत बसलेले असताना वारा सरू नये म्हणून जसे आवळून धरतो, तसे गुदद्वार आवळावे. तेच आवळणे पुढे योनी व मूत्रमार्गापर्यंत आणून सर्व वर, आत ओढून घ्यावे. मांड्या, नितंब आणि पोट सैल राहिले पाहिजे. एकदा हातात छोटा आरसा धरून पाहावे: योनी आणि गुदद्वार यांमधला भाग वर, आत ओढला जात असेल तर व्यायाम बरोबर आहे, तो बाहेर फुगत असेल तर जोर खाली जात आहे आणि असा व्यायाम अपाय करतो. लघवीची धार मध्येच थांबवून पाहणे ओळखीपुरते एखाद्या वेळी ठीक, रोजचा व्यायाम म्हणून ते करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

स्नायू सापडला की तीन ते पाच सेकंद आवळून धरावा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा आणि असे किमान आठ वेळा करावे. त्यानंतर आठ-दहा वेळा झटकन आवळून झटकन सोडावा. हा क्रम दिवसातून तीनदा व्हावा. धरण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावा, आणि झोपून जमू लागले की बसून, मग उभ्याने करावे. किमान तीन महिने नेमाने केल्याशिवाय निकाल ठरवू नये, आणि गुण आल्यावरही व्यायाम बंद करू नये. भाकरी भाजून झाल्यावर, दुपारी आडवे पडताना आणि रात्री दिवा मालवल्यावर, असा कामांशी बांधलेला वेळ घड्याळापेक्षा चांगला टिकतो.

व्यायामाइतकीच उपयोगी आणि फारशी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे दाब येण्याच्या क्षणभर आधी हाच स्नायू आवळून धरणे. शिंक येणार असे वाटताच आवळावे, शिंक होईपर्यंत धरावे, मग सोडावे. हंडा उचलताना गुडघ्यांत वाकून तो अंगाशी घ्यावा, आधी आवळावे आणि श्वास सोडत उचलावा. श्वास कोंडून, कमरेत वाकून उचलला की सारा दाब खाली जातो. चाऱ्याचा भारा एकटीने डोक्यावर घेऊ नये, दुसरीचा हात लावावा. कापूस वेचताना कमरेची ओटी गच्च भरेपर्यंत न थांबता मधूनमधून रिकामी करावी. बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) मोठे पातेले चुलीवरून उतरवायला घरातल्या पुरुषाला बोलवावे, आणि बोलवण्याचे कारण सांगण्याची गरज नाही.

पाणी तोडणे हा सर्वांत चुकीचा उपाय आहे. एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पुरते, पण जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बाईला त्याहून जास्त लागते; पाणी कमी पडले की लघवी गडद होऊन मूत्राशयाला टोचते, जंतुसंसर्ग होतो आणि शौचाला खडा होतो. चहा मात्र कमी करावा. बद्धकोष्ठात कुंथल्याने हेच स्नायू पुन्हा ताणले जातात, म्हणून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी हे या उपचाराचाच भाग समजावे. चुलीच्या धुराने किंवा दम्याने लांबलेला खोकला अंगावर काढू नये. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के उतरले तरी फरक जाणवतो.

गुण येईपर्यंत पॅड वापरायचे, तर लघवीसाठी बनवलेले घ्यावेत, कारण पाळीचे पॅड लघवी तितकी शोषत नाहीत आणि त्वचा ओली राहून खाज सुटते. सुती घड्या वापरत असल्यास वेळोवेळी बदलाव्यात, आणि त्या कोपऱ्यात लपवून न वाळवता कडक उन्हात वाळवाव्यात.

तीन महिन्यांनी फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. डॉक्टर लघवी व साखर तपासतात, खोकायला सांगून पाहतात, अंग खाली आले आहे का ते बघतात. वहीतील नोंदी येथे कामी येतात. योनीत बसवायची, आतून आधार देणारी सिलिकॉनची कडी (पेसरी) काहींना पुरते, आणि पाळी गेलेल्या स्त्रीला योनीत कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेनचे मलम दिले जाते. केवळ लघवी सुटते म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, कारण गर्भाशय काढल्याने हा त्रास जात नाही. यासाठी मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत. कृत्रिम जाळीची पट्टी बसवायची असल्यास तिचे दुष्परिणाम विचारून घ्यावेत, ब्रिटनमध्ये २०१८ साली याच कारणासाठी तिचा वापर थांबवण्यात आला होता. स्वतःच्याच स्नायूंच्या आवरणाची पट्टी वापरण्याचा पर्यायही असतो. आणखी मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, पुढच्या बाळंतपणात तिचा गुण जाऊ शकतो, आणि तोवर व्यायाम गरोदरपणातही चालू ठेवता येतो.