कोंबडीच्या पिल्लांना खरखर लागली की औषधाआधी हे बघा

थंडी सुरू झाली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, पिल्लं शिंकतायत, चोच उघडून श्वास घेतायत, कुठलं औषध आणू. मी आधी एवढंच विचारतो की शेडमध्ये खाली उकिडवं बसून बघितलं का, म्हणजे आपलं नाक पिल्लाच्या उंचीला नेऊन. उभं राहून वास कळत नाही, खाली बसलं की कळतो, आणि डोळे चुरचुरले, नाकात अमोनिया झोंबला तर अर्धा आजार तिथंच सापडला. आपल्याला एक मिनिट सहन होत नाही ती हवा ती पिल्लं दिवसरात्र घेतायत, त्यांच्या श्वासनळीतली बारीक लव त्यानं खराब होते आणि मग साधे जंतूसुद्धा सरळ आत उतरतात.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. माझा दुसराच लॉट, गावरान ३०० पिल्लं, डिसेंबरचा महिना, गारठा लागू नये म्हणून मी चारी बाजूंनी ताडपत्री वरपासून खालपर्यंत घट्ट बांधली आणि शिवाय आत कोळशाची शेगडी ठेवली. बाराव्या दिवशी खरखर सुरू झाली. दुकानातून पावडर आणली, पाच दिवस दिली, फरक नाही, दुसरी आणली, तरी रोज सकाळी चार-पाच पिल्लं मेलेली. शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी येऊन पहिल्यांदा ताडपत्री वरून हातभर खाली केली, शेगडी बाहेर काढायला लावली आणि मग औषध लिहून दिलं. बंद शेडमध्ये कोळसा कधीच जाळू नका, धूर तर असतोच पण न दिसणारा कार्बन मोनॉक्साईड त्याहून वाईट. ओव्याची नाहीतर कडुलिंबाची धुरी देतात तीसुद्धा आजारी पिल्लांना नको, आधीच श्वास पुरत नाही त्यात धूर.

आता आजार ओळखायचा कसा. रात्री नऊ-दहाला पिल्लं शांत झाली की दोन मिनिटं बल्ब बंद करायचा आणि नुसतं ऐकायचं. निरोगी पिल्लं अंधार झाला की गप्प होतात. खरखर असेल तर त्या शांततेत टिक टिक, मधूनच बारीक शिंक ऐकू येते. मग एक पिल्लू हळू उचलून पाठ कानाला लावा, आत ओल्या नळीतून हवा गेल्यासारखी घरघर लागते, एकदा ऐकली की विसरत नाही.

आणि सगळंच धापणं आजार नसतं हे लक्षात ठेवा. पिल्लं बल्बपासून लांब, पंख सैल सोडून, चोच उघडून बसलीत पण आवाज नाही तर त्यांना उकडतंय. पहिल्या आठवड्यात ९५ डिग्री फॅरनहाईट लागतं, पुढं दर आठवड्याला ५ डिग्री कमी करत जायचं. सगळी एकावर एक बल्बखाली गोळा झाली तर थंडी, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वाऱ्याची झुळूक लागतेय. लासोटाची, म्हणजे मानमोडीवरची (राणीखेत) लस दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडी शिंकाशिंक होते, तीही आपोआप जाते, पिल्लं खात-पीत असतील तर तेवढ्यासाठी अँटिबायोटिक सुरू करू नका.

पहिल्या आठ-दहा दिवसांतच पिल्लं मान लांब करून तोंड उघडतायत पण घरघर अजिबात नाही, असं असेल तर आधी खाली अंथरायच्या तुसाची गोणी तपासा. ओलसर, वास मारणारं, आतून पांढरट झालेलं तूस म्हणजे बुरशी, ती फुफ्फुसात जाते, मेलेलं पिल्लू उघडलं तर फुफ्फुसात पिवळसर बारीक गाठी दिसतात. याला अँटिबायोटिक चालत नाही, उलट बुरशीचं फावतं. सगळं तूस काढायचं, कोरडं टाकायचं, बुरशीचं खाद्य असेल तर तेही फेकायचं, आणि तूस काढताना धूळ उडते म्हणून पिल्लं आधी दुसरीकडं न्यायची. खूप आजारी झालेली बहुतेक वाचत नाहीत, उरलेली वाचवायची असतात.

दोन-तीन आठवड्यांच्या पुढं घरघर, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकाला खाद्य चिकटलेलं, मर कमी पण वजन वाढत नाही, हे बहुतेक वेळा सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार असतो, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळं. तो कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात येतो, त्यामुळं हॅचरीतून पिल्लं घेतानाच ब्रीडर कळपाची, म्हणजे ज्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढली त्या कोंबड्यांची तपासणी झालीय का ते विचारा. एका-दोन दिवसांत अख्खा लॉटच शिंकायला लागला तर विषाणूचा आजार असू शकतो, त्यावर औषध नाही, ब्रूडरची, म्हणजे बल्बखालची ऊब दोन-तीन डिग्री वाढवायची, हवा खेळती ठेवायची आणि मागून ई. कोलायसारखे जंतू शिरू नयेत म्हणून डॉक्टर सांगतील ते करायचं.

आता उपचार, पण मी लावतो त्याच क्रमानं. आधी पडदा: खालची बाजू बंद, वरून उघडा, म्हणजे गार हवा पिल्लांच्या अंगावर न येता वरून फिरते. मग पाण्याच्या भांड्यांखालचं ओलं लिटर (खाली अंथरलेलं तूस) उचलून बाहेर, तिथं कोरडं तूस, बाकीचं रोज हलवायचं. आपल्याकडं वास आला की लगेच चुना मारतात, तो पिल्लं आत असताना ओल्या लिटरवर मारू नका, चुन्यानं अमोनिया जास्त सुटतो. मग आजारी पिल्लं वेगळी, त्यांना ऊब जास्त, चोच पाण्यात बुडवून पाणी पाजायचं कारण ती स्वतःहून भांड्यापर्यंत जात नाहीत आणि औषध तर पाण्यातूनच असतं.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच आणा. सीआरडीला टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन, टायम्युलिन अशी औषधं लिहितात. टायम्युलिन लिहिलं तर खाद्याच्या गोणीवर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन (रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात मिसळलेली औषधं) आहे का ते डॉक्टरांना दाखवा, दोन्ही एकत्र गेलं तर पिल्लांचे पाय लुळे पडतात, मरतात. कोलिस्टिनची जुनी पाकिटं कुणाकडं पडली असतील तर वापरू नका, २०१९ पासून आपल्याकडं ते अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना द्यायला बंदी आहे. सकाळी पाणी तासभर काढून घ्यायचं, मग चार-पाच तासांत संपेल एवढ्याच पाण्यात औषध, रोज नवीन. थंडीत पिल्लं पाणी कमी पितात म्हणून डोस वजनावर काढून घ्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, आणि औषध थांबवल्यावर पाकिटावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे जाईपर्यंत कोंबडी विकायची नाही, कुणाच्या तरी घरची लेकरं ती खाणार असतात. हळद, लसूण द्यायचा तर द्या, पण त्याच्या भरवशावर चार दिवस घालवू नका.

हिरवी हगवण, मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं म्हणजे मानमोडी असू शकते, आणि अचानक भराभर मर लागली, तुरे-तोंड निळसर पडलं तर बर्ड फ्लूची शंका घ्यायलाच हवी. २००६ ला नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला आणि कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या, ते पोल्ट्रीवाल्यांना आठवत असेल. अशा वेळी पक्षी विकायचे नाहीत, ओढ्यात टाकायचे नाहीत, घरी फाडून बघायचं नाही, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने तपासायला पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, दवाखान्यातूनच पाठवून घ्या.

सीआरडीतून बरी झालेली पिल्लं आयुष्यभर जंतू बाळगू शकतात, त्यामुळं नवीन लॉट त्यांच्याजवळ कधीच ठेवायचा नाही. शेड रिकामं झालं की जुनं लिटर लांब नेऊन टाका, धुवून, जंतुनाशक मारून निदान दोन आठवडे मोकळं ठेवा. दोन शेड असतील तर सकाळी आधी लहान पिल्लांकडं जायचं, मग मोठ्यांकडं, आणि लहानांच्या दारात वेगळी चप्पल ठेवायची.