मूल तिसरीत जाते तेव्हा पालकांनी काय पाहावे आणि काय करावे

राज्य मंडळाच्या शाळेत दुसरीपर्यंत मुलाच्या दप्तरात भाषा, गणित आणि इंग्रजी हीच मुख्य पुस्तके असतात. तिसरीत त्यांत परिसर अभ्यासाची भर पडते आणि वरवर पाहणाऱ्याला एवढाच काय तो बदल दिसतो. खरा बदल मात्र वाचनात होतो. आजवर मूल वाचायला शिकत होते. आता घरात येणारे पाणी कुठले, आपल्या जिल्ह्यात कोणती पिके निघतात, नकाशात आपला तालुका कोठे आहे, हे सारे त्याला स्वतः वाचून समजून घ्यायचे असते. त्यामुळे वाचनातली कसर या वर्षी मराठीच्या तासापुरती राहत नाही, ती गणितातही उतरते आणि परिसर अभ्यासातही. प्राथमिक वर्गांना शिकवताना, 'दुसरीपर्यंत छान चालले होते, तिसरीत एकदम मागे पडला' असे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात आणि पुष्कळदा अडचणीचे मूळ तिथेच सापडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही हीच सीमारेषा मानली आहे. त्यानुसार वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे दुसरीअखेरचा काळ पायाभूत स्तर ठरतो आणि तिसरीपासून पुढचा स्तर सुरू होतो. आपल्या राज्यात या धोरणानुसारचा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येऊ लागला आहे, तर सीबीएसई शाळांत चालणारी एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची) तिसरीची नवी पुस्तके २०२४-२५ मध्येच आली. मोठ्या भावंडाची जुनी पुस्तके धाकट्याला चालतील असे गृहीत न धरता शाळेत आधी विचारून घ्यावे.

मुलाला काय यायला हवे, याचे मोजमाप उपलब्ध आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने वयाला साजेसा, पूर्वी न पाहिलेला मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून, अचूक वाचावा, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात आणि गुणाकाराची साधी उदाहरणे सोडवावीत, अशी अपेक्षा आहे. हे वर्षअखेरचे लक्ष्य आहे. जूनमध्ये मूल तेथे पोहोचलेले नसेल तर घाबरण्याचे काही कारण नाही.

वाचनाची तपासणी घरीच करता येते आणि ती शाळा सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात करावी. पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नये, कारण तो मुलाला पाठ झालेला असू शकतो. एखाद्या बालमासिकातला वा वर्तमानपत्राच्या बालपुरवणीतला उतारा निवडून त्यातल्या साठाव्या शब्दाखाली बारीक खूण करावी आणि घड्याळ मुलाच्या नजरेआड ठेवून त्याला वाचू द्यावे. मध्ये टोकू नये. ते कोठे अडते एवढेच लक्षात ठेवावे. या वयात पुष्कळ मुले जोडाक्षरांपाशी, त्यातही 'र' जोडलेल्या अक्षरांपाशी थबकतात. 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक' आणि 'कुऱ्हाड' या चार शब्दांत एकच 'र' चार रूपांत येतो आणि 'सूर्य' हा शब्द 'सुरय' असा वाचणारे मूल ही रफाराची, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर येणाऱ्या 'र'ची, एकच गोष्ट न कळल्यामुळे पानभर अडखळत राहते. अशा मुलाला पूर्ण बाराखडी पुन्हा घोटायला लावण्यापेक्षा सर्प, मार्ग, पर्ण असे आठ-दहा शब्द पाटीवर फोडून दाखवणे कितीतरी उपयोगाचे ठरते.

वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. एकाचे उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले असावे, दुसऱ्यासाठी दोन वाक्ये जोडून पाहावी लागावीत आणि तिसरे मुलाच्या मनातले असावे. वेग चांगला असून दुसऱ्या प्रश्नाला गप्प राहणारे मूल माझ्या दृष्टीने संथ वाचणाऱ्या मुलापेक्षा अधिक काळजीचे आहे, कारण त्याची अडचण कोणाच्या लक्षातच येत नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. पंधरा मिनिटे शेजारी बसून एक परिच्छेद आपण वाचावा, पुढचा मुलाने वाचावा आणि मध्ये थांबून 'आता पुढे काय होईल असे तुला वाटते?' असे विचारावे. मूल इंग्रजी माध्यमात असले तरी घरच्या भाषेतले हे वाचन सोडू नये; मजकुरातून अर्थ काढण्याची सवय एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेतही तिचा उपयोग होतो.

गणितात या वर्षी दोन ठिकाणी मुले हमखास चुकतात. पहिले ठिकाण संख्यानामांचे. मराठीत ५९ ला आपण एकोणसाठ म्हणतो आणि ६९ ला एकोणसत्तर. 'साठ' ऐकताच मूल ६९ लिहून मोकळे होते. त्याचप्रमाणे 'तीन हजार सात' ही संख्या ३०००७ अशी लिहिली जाते, कारण कानाला ऐकू आले तसे आधी ३००० आणि मग ७ उतरते. रागावून ही चूक जात नाही. हजार, शतक, दशक, एकक अशी चार घरे आखून प्रत्येक घरात एकच अंक बसतो हे काही दिवस करून घेतले की ती आपोआप जाते.

दुसरे ठिकाण शाब्दिक उदाहरणांचे. 'राधाकडे ८५ बोरे आहेत. ती समीरच्या बोरांपेक्षा २७ ने जास्त आहेत. तर समीरकडे किती बोरे आहेत?' हे उदाहरण वाचून वर्गातली कितीतरी मुले 'जास्त' हा शब्द दिसताच बेरीज करून ११२ लिहितात. अशा वेळी 'अरे, वजाबाकी कर' असे सांगितले, तर त्या उदाहरणापुरते उत्तर मिळते आणि पुढच्या उदाहरणाला तेच मूल पुन्हा आपल्या तोंडाकडे पाहते. त्याऐवजी 'कोणाकडे कमी बोरे आहेत?' एवढेच विचारावे आणि दोघांसाठी दोन रेघा काढायला सांगाव्यात. राधाची रेघ लांब निघाली की ५८ हे उत्तर मूल स्वतः शोधते. पाढ्यांचेही तसेच आहे. पाढे पाठ हवेतच, मी त्या बाबतीत जुन्या वळणाची आहे. परंतु 'सात आठे छप्पन' म्हणणाऱ्या मुलाला चिंचोक्यांच्या आठ-आठच्या सात ओळी मांडून दाखवता आल्या पाहिजेत.

परिसर अभ्यासासाठी शिकवणी लावू नये. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर न लावता जमिनीवर पसरावा, उत्तर दिशा जुळवून घ्यावी आणि आजोळचे गाव कोणत्या बाजूला येते ते मुलाला शोधू द्यावे. भिंतीवरच्या नकाशामुळे 'उत्तर म्हणजे वर' असे मुलांच्या मनात बसते आणि दिशा विचारल्यावर ती छताकडे बोट दाखवतात.

गृहपाठाच्या बाबतीत केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास एवढी मर्यादा सांगितली आहे. दप्तराचे वजनही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे. रोज तासन्‌तास लिहूनही गृहपाठ संपत नसेल, तर शिक्षकांशी बोलायला हवे. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथीत येत असल्यामुळे तिसरीपासूनच सराव संच आणून देणारे पालक दिसू लागले आहेत. हे मला मनापासून चुकीचे वाटते, कारण उतारा समजून वाचणाऱ्या मुलाला तो सराव चौथीत करता येतो आणि न समजणाऱ्याला संचांचा काहीच उपयोग होत नाही.

प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवर फार विसंबू नये. ती आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन मिळून ठरते आणि तिसरीत कोणालाही मागे ठेवले जात नाही, त्यामुळे मूल चौथीत गेले याचा अर्थ तिसरीचे सारे आले असा होत नाही. पालकसभेत 'कसा आहे अभ्यासात?' असे विचारले, तर 'ठीक आहे' हेच उत्तर मिळते. 'अनोळखी उतारा वाचून त्याला उत्तरे देता येतात का?' असे विचारले, तर शिक्षकांनाही नेमके सांगता येते. शक्य झाल्यास वह्या सोबत घेऊन बसावे.

आठव्या वर्षी मुले मनातले थोडे राखून ठेवू लागतात. 'आज काय शिकवले?' या प्रश्नाला 'काही नाही' हे उत्तर येते. 'डबा कोणासोबत खाल्लास?' असे विचारले की सबंध दिवस उलगडतो. फळ्यावरचे उतरवून घेताना मूल डोळे बारीक करत असेल किंवा शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहीत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

नजर ठीक असून, नियमित सराव करूनही मूल दिवाळीनंतर अक्षरे गाळत असेल, 'घ' आणि 'ध' किंवा 'म' आणि 'भ' यांत सतत गोंधळत असेल, तोंडी उत्तर उत्तम देऊन लिहिताना मात्र अडत असेल, तर त्याला आळशी ठरवू नये. ही अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडथळ्याची, लक्षणे असू शकतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, मुलांची प्राथमिक चाळणी करायची असते. ती झाली का, असे पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी विचारावे आणि झाली नसेल तर ती याच वर्षात करून घ्यावी.