हार्ट फेल्युअर: रोज सकाळचं वजन कसं घ्यावं

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते तेव्हा, शरीरात पाणी साठू लागलं की पायांवर सूज दिसण्याआधीच ते बहुतेक वेळा काट्यावर दिसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी रातोरात किलोभर वाढत नाही, पाणी वाढतं.

काटा डिजिटल, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा घ्या. तो फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा चटईवर त्याचे पाय रुततात आणि आकडा चुकतो. जागा एकदा ठरली की बदलू नका. दवाखान्यातला काटा वेगळा आकडा दाखवेल. तो घरच्या वहीत मिसळू नका.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या आणि चहा-पाण्याआधी, अनवाणी, कोरड्या पायांनी काट्यावर उभे राहा. कपडे रोज साधारण सारखेच असावेत. तोल जात असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा, पण आकडा येईपर्यंत भिंतीला किंवा माणसाला धरू नका. धरलं की वजन कमी भरतं. आकडा लगेच तारखेसह लिहा.

सूज पूर्ण उतरलेली असतानाचं वजन डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. इथेच बहुतेकांची गफलत होते: तुलना फक्त कालच्या आकड्याशी केली जाते. रोज ३०० ग्रॅम वाढले तर कुणाला काही वाटत नाही, पण आठवड्यात २ किलोंहून जास्त पाणी साठलेलं असतं. म्हणून रोजचा आकडा पहिल्या पानाशीही ताडून पाहा.

एका दिवसात १ किलोहून जास्त किंवा तीन दिवसांत २ किलो वाढ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्यांनी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळा. फोन करताना कारणही आठवून ठेवा: पापड-लोणच्यातलं मीठ, लग्नातलं जेवण, अंगदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून चुकवलेली पाण्याची गोळी (लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी). डोस मात्र मनाने वाढवू नका.

वजन झपाट्याने उतरून चक्कर येत असेल, जुलाब-उलट्या होत असतील, तरीही फोन करा. शरीरातलं पाणी गरजेपेक्षा कमी झालेलं असू शकतं.

जेवण कमी झालेल्या रुग्णाचे स्नायू झिजतात आणि त्याच वेळी पाणी साठतं, त्यामुळे काटा जागचा हलत नाही. आडवं झाल्यावर दम लागत असेल, उशा वाढवाव्या लागत असतील, तर आकडा काहीही असो, डॉक्टरांना कळवा. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वजन करत बसू नका, १०८ ला फोन करा.